कॅसिओ ९९१ईएस प्लस की ८२एमएस? अणूंच्या वस्तुमानांच्या गणितांपुरता आढावा

सोन्याच्या एका अणूचे वस्तुमान ३.२७×१०^−२५ किलोग्रॅम, हायड्रोजनच्या अणूचे १.६७×१०^−२७ किलोग्रॅम. सोन्याचा अणू किती पट जड? गणित एका भागाकाराचे आहे, पण कॅल्सीवर (कॅल्क्युलेटरवर) ते चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी चुकते, आणि कुठला कॅल्सी हातात आहे यावर कुठली चूक होणार हेही बरेचसे ठरते. सायंटिफिक कॅल्क्युलेटरचे आढावे बहुधा मॅट्रिक्स, समीकरणे, इंटिग्रेशन यांवर रेंगाळतात. इथे फक्त हे एकच काम धरले आहे: दहाच्या घातात लिहिलेली अणूंची वस्तुमाने टाकणे, त्यांची तुलना करणे आणि आलेल्या उत्तरावर कितपत विसंबायचे ते ठरवणे.

निकाल आधीच सांगून टाकू. अकरावी-बारावीच्या सरावाला ८२एमएस पुरतो. बीएस्सी किंवा अभियांत्रिकीला जाणाऱ्याने ९९१ईएस प्लस घ्यावा. जवळपास दुप्पट पैसे जातात, पण या कामासाठी ते दोन गोष्टींनी वसूल होतात: अपूर्णांकाची चौकट आणि आत साठवलेले चाळीस स्थिरांक. नवा ९९१सीडब्ल्यू दिसायला देखणा आहे. या विशिष्ट कामात मात्र तो पायऱ्या वाढवतो, त्याबद्दल पुढे.

आधी सर्वांत महत्त्वाचे बटण. ९९१ईएस प्लसवर सगळ्यात खालच्या ओळीत, दशांश टिंबाच्या उजवीकडे ‘×१०’ आणि वर घाताची खूण असलेले बटण आहे. जुन्या ८२एमएसवर त्याच जागी ‘एक्सप’ लिहिलेले असते. काम दोन्हीचे एकच. १.६७ टाका, हे बटण दाबा, मग कंसातला छोटा उणे, मग २७. ‘गुणिले’, ‘दहा’ किंवा ‘घात’ यांपैकी काहीच वेगळे दाबायचे नाही. या बटणाने टाकलेले १.६७×१०^−२७ कॅल्सी एकच संख्या म्हणून धरतो आणि सगळे पुढचे सुख त्यावर अवलंबून आहे. ३.२७, ×१०, (−), २५, भागिले, १.६७, ×१०, (−), २७, बरोबर. पडद्यावर १९५.८०८३८३२.

आता हेच गणित हाताने ‘×’, ‘१०’, ‘^’, ‘−२५’ असे टाकून पाहा, कंस न घालता. ८२एमएस उत्तर देतो १.९५८०८३८३२×१०^−५२. कारण साधे आहे. भागाकार आणि गुणाकार डावीकडून उजवीकडे होतात, त्यामुळे भागले गेले फक्त १.६७ ने, आणि छेदातला १०^−२७ खाली न राहता वर गुणला गेला. या चुकीचा खरा धोका असा की पुढचे अंक अगदी बरोबर असतात. १.९५८ पाहून विद्यार्थ्याला वाटते गणित जमले, घाताकडे तो बघतच नाही. ओळखायची खूणही सोपी आहे: उत्तराचा घात अपेक्षेपेक्षा ५४ ने कमी, म्हणजे छेदातल्या घाताच्या बरोबर दुपटीने. असा दुपटीचा फरक दिसला की कंस राहिला असे खुशाल समजा.

९९१ईएस प्लसवर ही चूक टाळायचा सोपा रस्ता म्हणजे अपूर्णांकाची चौकट. पुस्तकातल्यासारखी वर-खाली मांडणी पडद्यावर उमटते, वर सोने, खाली हायड्रोजन, आणि छेद आपोआप छेदातच राहतो. मग घात हाताने टाकला तरी चालतो. ८२एमएसवर अशी चौकट नाही. तिथे एक्सप बटण किंवा कंस, तिसरा पर्याय नाही. उत्तर कधी दशांशाऐवजी अपूर्णांकात आले तर एस-डी बटण एकदा दाबायचे.

पण या पुस्तकी मांडणीची, म्हणजे नॅचरल डिस्प्लेची, स्वतःची एक खोड आहे. घाताचे बटण दाबले की कर्सर वर चढतो आणि उजव्या बाणाने खाली उतरवेपर्यंत तिथेच बसतो. बाण विसरला तर भागाकाराचे चिन्ह आणि नंतरचे सगळे पहिल्या दहाच्या डोक्यावर जाऊन बसते. वरच्या गणितात मग उत्तर येते ३.२७. नुसते ३.२७! घातात पडलेली ती भागाकाराची रास १०^−२६ च्या घरातली, म्हणजे शून्यच म्हणायची, आणि दहाचा शून्यावा घात एक. म्हणून अंशातला आकडा जसाच्या तसा परत आला तर पडद्यावरची वरची ओळ नीट वाचा, घातांच्या जागी अख्खे गणित लटकलेले दिसेल.

तिसरी चूक सवयीची आहे. वहीत १.६७×१०^−२७ लिहिलेले असते, म्हणून बोटे आधी ‘×१०’ टाकतात आणि नंतर एक्सप दाबतात. कॅल्सीच्या लेखी ते १.६७ गुणिले (१०×१०^−२७) होते, म्हणजे खऱ्या संख्येच्या दहापट. भागाकार कंस घालून केला असेल तर अंशातले जास्तीचे दहा आणि छेदातले जास्तीचे दहा एकमेकांना कापतात, उत्तर बरोबर येते आणि चूक पचून जाते. ती बाहेर पडते गुणाकारात. सोन्याच्या अणूचे वस्तुमान ॲव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे एका मोलमधल्या अणूंच्या संख्येने, गुणले की एक मोल सोन्याचे वस्तुमान यायला हवे: ३.२७×१०^−२५ गुणिले ६.०२२×१०^२३, म्हणजे ०.१९६९ किलो, १९६.९ ग्रॅम. चुकीच्या सवयीने तेच येते १९.६९ किलो. जास्तीचे दोन दहा, शंभर पट फरक. कंसही नसेल तर आधीच्या भागाकाराचे उत्तर १०^−५० वर जाते, −५२ वर नाही, त्यावरून दोन चुका एकत्र झाल्याचे कळते.

आणखी एक विचित्र प्रकार. मोबाइलवर ‘१.६७ई−२७’ असे दिसते म्हणून काही जण अल्फा दाबून ‘ई’ हे अक्षर घालतात. ते अक्षर कॅल्सीच्या स्मृतीतला एक कप्पा आहे, घाताची खूण नव्हे. कप्पा रिकामा असेल तर १.६७ गुणिले शून्य, वजा २७, उत्तर −२७. अणूचे वस्तुमान उणे सत्तावीस!

आता ज्या बटणाकडे फारसे कुणी बघत नाही त्याकडे येऊ: ईएनजी. दोन्ही कॅल्सींवर आहे. हे बटण उत्तराचा घात तीनच्या पटीत आणते. अभियंत्यांसाठी किलो, मेगा, मिली, मायक्रो सोयीचे जावेत म्हणून ते केलेले आहे, पण अणूंच्या तुलनेसाठी याहून चांगले साधन या कॅल्सींवर नाही. ३.२७×१०^−२५ टाकून ‘बरोबर’ दाबा, मग ईएनजी एकदा. पडद्यावर ३२७×१०^−२७. लोखंडाचा अणू ९.२७३×१०^−२६, ईएनजी, ९२.७३×१०^−२७. ऑक्सिजन २.६५७×१०^−२६, तो होतो २६.५७×१०^−२७. हायड्रोजन आधीच १.६७×१०^−२७ आहे, युरेनियम-२३८ होतो ३९५.३×१०^−२७. सगळ्यांचा घात एकच झाला, आता नुसते पुढचे आकडे बघा. आवर्तसारणीतला सर्वांत हलका अणू १.६७ वर आहे आणि ओगानेसनसारखा सर्वांत जड अणूसुद्धा ५०० च्या आतच राहतो, त्यामुळे किलोग्रॅममध्ये लिहिलेला कुठलाही अणू ईएनजीने −२७ वरच येऊन थांबतो. ग्रॅममध्ये असेल तर −२४ वर. एकदाच दाबा. दुसऱ्यांदा दाबले तर ३२७०००×१०^−३० होते आणि सगळी सोय गेली.

इलेक्ट्रॉन मात्र या रांगेत बसत नाही. त्याचे ९.१०९×१०^−३१ ईएनजीने ९१०.९×१०^−३३ होते. उलट दिशेला जायला शिफ्ट आणि ईएनजी, −२७ दिसेपर्यंत. तेव्हा ०.०००९१०९×१०^−२७ येते आणि प्रोटॉनच्या १.६७३ शेजारी ते ठेवले की इलेक्ट्रॉनचे वस्तुमान अणूच्या हिशोबात का सोडून देतात ते आकड्यातच दिसते.

ही सोय इतकी महत्त्वाची का, तर नुसत्या घाताकडे पाहून तुलना करणे फसवे असते. −२७ ही −२५ पेक्षा ‘मोठी’ वाटते ही पहिली फसवणूक, ती नववीतच सुटते. दुसरी पक्की आहे. हेलिअम ६.६५×१०^−२७, लिथियम १.१५×१०^−२६. घात वेगळा, म्हणून दहापट असावे असे वाटते. प्रत्यक्षात लिथियम हेलिअमच्या पावणेदोन पटही नाही. हायड्रोजन आणि हेलिअम यांचा घात एकच, तरी हेलिअम जवळपास चौपट. सोने आणि लोखंड यांच्या घातांत एकाचा फरक, गुणोत्तर साडेतीन. घातांची वजाबाकी आणि पुढच्या अंकांचा भागाकार या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्या कॅल्सीला हात लावण्याआधी तोंडी करायच्या: ३.२७ भागिले १.६७ म्हणजे दोनच्या आसपास, −२५ वजा −२७ म्हणजे २, उत्तर दोनशेच्या जवळ. हा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात आधी लिहून ठेवला तर −५२ किंवा ३.२७ पाहून कुणी फसत नाही.

मग १९५.८०८३८३२ यातले खरे अंक किती? दिलेल्या दोन्ही संख्या तीन सार्थ (म्हणजे भरवशाच्या) अंकांच्या, म्हणून उत्तरही तीनच अंकांचे: १९६. पण इथे अजून एक बारीक गोष्ट आहे. हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान १.६७४×१०^−२७ च्या जवळ आहे. १.६७ लिहिताना ते थोडे कापले गेले. आवर्तसारणीतली अणुवस्तुमाने, १९६.९७ आणि १.००८, थेट भागली तर १९५.४ येते. तीन अंकांत एकीकडे १९६, दुसरीकडे १९५. परीक्षेत दोन्ही उत्तरे बहुधा चालतात, पण दहा अंक छापणाऱ्या पडद्याला त्यातले काही कळत नाही. शेवटचे सहा-सात अंक निव्वळ शोभेचे आहेत.

हे अंक आवरायला साय मोड. ९९१ईएस प्लसवर शिफ्ट, मोड, ७, मग ३, की तीन सार्थ अंकांत १.९६×१०^२ दिसते. ८२एमएसवर फिक्स, साय, नॉर्म हे तीन पर्याय येईपर्यंत मोड दाबत जायचे. लक्षात ठेवा, साय मोडने फक्त दिसणे बदलते. आत सगळे अंक शाबूत असतात आणि पुढच्या पायरीत तेच वापरले जातात. पायरीगणिक खरोखर कापायचे असेल तर शिफ्ट आणि शून्य, राउंड. मधल्या पायऱ्यांत ते करू नये हे वेगळे सांगायला नको.

नॉर्मचेही, म्हणजे नेहमीच्या दिसण्याचेही, दोन प्रकार आहेत आणि कॅल्सी नवा असताना नॉर्म १ लावलेला असतो. त्यात ०.०१ पेक्षा लहान उत्तर घातात दिसते. इलेक्ट्रॉन भागिले प्रोटॉन केले की ५.४४६×१०^−४ च्या रूपात येते. नॉर्म २ मध्ये तेच ०.०००५४४६ असे शून्यांची रांग लावून येते. या कामाला नॉर्म १ बरा, शून्ये मोजत बसावे लागत नाही.

स्थिरांकांकडे वळू, कारण ९९१ चे पैसे इथेच वसूल होतात. शिफ्ट आणि ७ दाबले की स्थिरांकाचा क्रमांक विचारतो, ०१ ते ४०. प्रोटॉन ०१, न्यूट्रॉन ०२, इलेक्ट्रॉन ०३, अणुवस्तुमान एकक (कार्बन-१२ च्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग) १७, ॲव्होगॅड्रो अंक २४. कार्बन-१२ च्या अणूचे वस्तुमान हवे? १२, गुणिले, शिफ्ट ७, १७, बरोबर: १.९९३×१०^−२६ किलोग्रॅम. सोन्यासाठी १९६.९७, लोखंडासाठी ५५.८४५. घात टाकायचाच नाही, म्हणजे घाताच्या चुकाही नाहीत. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या किती पट जड हे तर नुसते ०१ भागिले ०३, १८३६.१५. न्यूट्रॉन भागिले प्रोटॉन, १.००१४. छेदात स्थिरांक गुणाकारासह येत असेल तर कंस घालाच. गुणाकाराचे चिन्ह न लिहिता चिकटवलेला स्थिरांक आणि चिन्हासह लिहिलेला स्थिरांक यांचा क्रम हे यंत्र वेगळा लावते.

स्थिरांक किलोग्रॅममध्ये आहेत हे विसरू नका. रसायनशास्त्राच्या वहीत १.६६×१०^−२४ ग्रॅम लिहिलेले असते. एक आकडा वहीतून, दुसरा कॅल्सीतून घेतला की गुणोत्तर हजार पटीने हलते. उत्तर १९५ ऐवजी ०.१९५ किंवा १,९५,००० दिसले तर एकके बघा, कॅल्सी बिघडलेला नाही.

२०१९ साली ॲव्होगॅड्रो अंक ६.०२२१४०७६×१०^२३ असा नेमका ठरवून टाकला गेला. त्याआधी तयार झालेल्या यंत्रांत मोजून काढलेले जुने मूल्य असते आणि ते सातव्या अंकात वेगळे पडते. चार अंकांच्या गणितांना याने तसूभरही फरक पडत नाही, तेवढ्यासाठी जुना कॅल्सी बदलू नये.

८२एमएसवर स्थिरांक नाहीत, पण एक कप्पा वापरून निभावते. अणुवस्तुमान एकक टाका: १.६६०५४, एक्सप, (−), २७, मग शिफ्ट, आरसीएल (त्याच्या वर स्टो लिहिले आहे), मग कंसातल्या उण्याचे बटण, ज्यावर ‘ए’ छापलेले आहे. आता १९६.९७ गुणिले अल्फा ए. कॅल्सी बंद केला तरी ए मधली किंमत टिकते. दुसऱ्या कुणी कॅल्सी वापरायला नेला असेल तर मात्र आधी ए मध्ये काय आहे ते तपासा.

९९१सीडब्ल्यूवर हेच स्थिरांक कॅटलॉग बटणातून, यादीत खाली उतरत, मग गट निवडून काढावे लागतात. प्रोटॉन-इलेक्ट्रॉन अणूंच्या गटात आणि अणुवस्तुमान एकक भौतिक-रसायनाच्या गटात, म्हणजे दोन खणांत. ईएनजीचे वेगळे बटणही गेले, ते फॉरमॅटच्या यादीत आहे. पाठ असलेला ‘शिफ्ट ७, १७’ चा ठेका तिथे चालत नाही. पडदा स्पष्ट आहे, घात ठळक दिसतात, पण वीस अणूंचा तक्ता भरायला बसले की बोटे कंटाळतात.

तिन्ही यंत्रांची खालची मर्यादा १०^−९९ आहे. त्याखालचे सगळे शून्य. दोन अणूंच्या तुलनेत तिथवर कधी पोचत नाही, पण बोरच्या अणूच्या प्रतिकृतीत, हायड्रोजनच्या वर्णपटाचा रिडबर्ग स्थिरांक काढताना, लगेच पोचते. त्याच्या सूत्रात छेदात येणारा प्लांकच्या स्थिरांकाचा घन २.९×१०^−१००, म्हणजे कॅल्सीच्या लेखी शून्य. अंशात इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा चौथा घात गुणिले त्याचे वस्तुमान, ६×१०^−१०६, तेही शून्य. रिडबर्ग स्थिरांकाचे सूत्र जसेच्या तसे टाकले की मॅथ एरर. तोडगा असा: प्रभाराचा वर्ग भागिले (एप्सिलॉन शून्य, म्हणजे निर्वाताचा विद्युत स्थिरांक, गुणिले प्लांक) हे आधी काढा, ४.३८×१०^६ येईल. त्याचा वर्ग करा, इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाने गुणा, मग ८ गुणिले प्लांक गुणिले प्रकाशवेगाने भागा. १.०९७×१०^७ सुखरूप बाहेर येते.

परीक्षेचे काय? महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पेपरात लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर नाही. जेईई आणि नीटलाही नाही. म्हणून बारावीच्या मुलाने कॅल्सी ठेवायचा तो घरी पडताळणीसाठी. आपलेच गणित लॉगने: ३.२७×१०^−२५ चा लॉग बार २५ (बार म्हणजे फक्त पूर्णांक भाग उणे) पूर्णांक .५१४५, १.६७×१०^−२७ चा बार २७ पूर्णांक .२२२७. वजाबाकी २.२९१८, अँटिलॉग १९५.८. बारची वजाबाकी करताना मुले चिन्ह हरवतात, आणि नेमकी तीच चूक कॅल्सीवरच्या उत्तराशी ताडून सापडते. अभियांत्रिकीच्या परीक्षांना प्रोग्रॅमेबल नसलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर साधारणपणे चालतो. गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला स्वतःचा नेता येत नाही, संगणकाच्या पडद्यावरचाच वापरावा लागतो, आणि तिथे नॅचरल डिस्प्लेची चौकट नसल्यामुळे कंसांची सवय आधीच लागलेली बरी.

सेकंड हँड ९९१ घेत असाल तर दुकानातच उभे राहून तीन गोष्टी करा. शिफ्ट, ९, ३, बरोबर, असे करून सगळे पुसून टाका, नाहीतर आधीच्या मालकाचा साय मोड आणि कप्प्यातले आकडे सोबत येतात. मग ०१ भागिले ०३ करून १८३६.१५ येते का पाहा. शेवटी ×१० चे आणि कंसातल्या उण्याचे बटण दहा-दहा वेळा हलकेच दाबून प्रत्येक वेळी उमटते का ते बघा. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हातून आलेल्या कॅल्सीवर आधी झिजतात ती हीच दोन बटणे.